जुना गठ्ठा आधी

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की गावातली कुत्रीही सावली सोडत नव्हती. तशात कारखान्याचे चेअरमन रावसाहेब चार माणसं घेऊन शेवाळे वकिलांच्या ओसरीवर आले. रावसाहेबांच्या बंगल्यातल्या चोरीत सोपान माळी पकडला गेला होता आणि वकील त्याची बाजू लढवत होते.

"सोपान तुमच्यापाशी काय बोलला ते चौघांत सांगा. नाहीतर कारखान्याचं वकिलीचं काम गेलं समजा," रावसाहेब म्हणाले.

"जाऊ द्या. अशिलाचं बोलणं बाहेर काढायचं नसतं," वकील म्हणाले. मग त्यांनी सावकाश अशिलांच्या कागदांचं कपाट उघडलं. "पण मोडायचाच नियम, तर जुन्या गठ्ठ्यापासून मोडू. सगळ्यात जुना तुमचाच आहे, रावसाहेब. वाचू?"

रावसाहेबांनी स्वतः उठून कपाट लावलं आणि चालते झाले.

शेजारचे गंगारामबापू कुंपणावरून म्हणाले, "वकीलसाहेब, माझाही गठ्ठा आहे ना आत? आज निवांत झोप लागेल बघा."