वनिताचं पथ्य आणि केरबाची मदत

एका गावात केरबा नावाचा एक भोळा शिंपी राहायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा.

एका मंगळवारी तो दुकानात परकराला नाडी ओवत बसला होता. चहा नुकताच झाला होता. तेवढ्यात त्याची बायको वनिता तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडून परत आली आणि पायरीवरच बसली.

"पीसीओएस आहे म्हणाल्या. म्हणून पाळी महिने महिने येत नाही, वजन वाढतं. पुरुषांच्या अंगातलं हार्मोन माझ्या अंगात जास्त झालंय."

केरबाचा हात थांबला. "मग आता गं?"

"खाणं सुधारायचं, रोज चालायचं. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ते हार्मोन उतरलं म्हणजे मिळवलं." तिने पदराने घाम पुसला. "मला बरं व्हायचंय हो. मदत कराल ना?"

"करणार म्हणजे! तू फक्त सांग."

तिथेच चुकलं.

"आधी ती साखर घराबाहेर काढा," वनिता म्हणाली. केरबाने डबा उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवला. सकाळी बघते तर ओटाभर मुंग्या.

"अहो, ओट्यावर कशाला? शेजारच्या अनसूयाकाकूंना देऊन टाकायची!"

"आता कळलं."

बाजाराच्या दिवशी त्याने मटकी आणली आणि येता येता अनसूयाकाकूंना देऊन टाकली.

वनिताने कपाळावर हात मारला. "मटकी भिजत घालायची, फडक्यात बांधून ठेवायची, म्हणजे मोड येतात!"

"आता कळलं."

मग त्याने ज्वारी दळून आणली. पीठ भिजत घातलं, अस्तराच्या कोऱ्या कापडात बांधलं आणि खुंटीला टांगलं. येता-जाता मोड आले का ते चाचपून बघायचा. शेवटी वासाने मांजर घर सोडून गेलं.

"अहो, पिठाला कधी मोड येतात का? पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं!"

"आता कळलं."

पुढच्या बाजारी मेथीची जुडी आली. केरबाने ती मुळांसकट, मातीसकट मळली, थापली, तव्यावर टाकली. वनिताने एक घास खाल्ला. दाताखाली खडा आला. तिला ओरडायचं होतं, पण हसूच आलं.

तेव्हापासून तिने सगळं आपल्याच हाती घेतलं. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालणं. हळदीकुंकवाचा पेढासुद्धा ती पदरात बांधून घरी आणायची आणि केरबाला द्यायची. दुसऱ्या महिन्यात पाळी आपसूक आली. तिने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी फक्त ओढ्यावर एक फेरी जास्त मारली. आता रक्तात काय निघतं, एवढीच धाकधूक होती.

एकदा ती धुण्याचे पिळे डोक्यावर घेऊन आली, तर केरबा हाताची घडी घालून बसलेला.

"अहो, सगळं सांगायलाच हवं का? माझ्या वाटचं एखादं काम न सांगता करत जा की!"

"आता कळलं."

रक्त तपासायचा दिवस आला. दोघं तालुक्याला गेली. वनिता काही बोलणार, तोच केरबाने खिशातून एक कागद काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. बाई वाचायला लागल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"वनिताताई, पथ्य पाळलंत ना?"

"अगदी शपथेवर, बाई."

"मग हार्मोन उतरायचं सोडून चढलं कसं? हे तर थेट पुरुषाएवढं आहे!"

वनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती एकदम थबकली. "पण बाई, मी रक्त दिलंच कुठंय? मी तर आत्ता द्यायला आलेय. उपाशी आहे अजून."

दोघींनी केरबाकडे पाहिलं. तो खूश होता.

"ही उपाशीपोटी दमली असती. म्हणून परवाच इथल्या लॅबमध्ये येऊन हिच्या वाटचं रक्त मी देऊन गेलो. नावसुद्धा हिचंच सांगितलं, काल कागदही घेऊन गेलो. आणि हे सगळं न सांगता!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "असू दे. उपाशी आहात ना? मग आत्ताच घेऊ," म्हणत त्या सुई आणायला वळल्या.

वनिताचे डोळे अजून ओले होते. केरबाला ते बघवेना. त्याने दुसऱ्या खिशातून पेढा काढला आणि न सांगताच तिच्या तोंडात भरवला.

वनिताचं रक्त तपासायचं त्या दिवशी राहूनच गेलं.