देवानं बंद केलेलं पाणी

आमच्या बौद्धवाड्याचं पाणी माणसानंच तोडलंय, असं मी घसा फोडून सांगत होते, पण कुणाला पटेल तर शपथ! खंडोबाच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. सरपंच निवृत्तीराव गरजले, "मंजुळाबाई, तुम्ही देव सोडला. देवानंच पाणी बंद केलं!"

लोकांनी माना डोलावल्या. घरी लेकरं तहानेनं रडत होती, माझं डोकंच फिरलं.

"आमचा बुद्ध देव नाही. घडलं त्याचं कारण शोधा म्हणतो," मी म्हणाले. "पण तुम्ही देव मानता ना? मग उचला बेलभंडारा, घ्या शपथ, की पाणी देवानंच बंद केलं!"

सरपंचांनी भंडाऱ्यापर्यंत नेलेला हात मागे घेतला. खोट्या शपथेची भीती त्यांनाच होती.

"तुमच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करणारा," ते खाली बघत पुटपुटले, "आमचा धाकटा पोरगा. जयसिंग."