आज्ञा न करणारा राजा

एका डोंगराळ मुलखात एक राजा होता आणि त्या राजाने जन्मात कुणाला आज्ञा केली नव्हती. शेजारच्या राज्यांत दवंड्या पिटल्या जात, हुकूम सुटत, पाठीवर फटके पडत. इथे तसलं काही नव्हतं. प्रजेला याचा भारी अभिमान होता. पाहुणा दारात आला की लोक त्याला पाणी द्यायच्या आधी ही गोष्ट सांगत.

राजा फक्त काळजी करत असे. एखाद्याबद्दल काळजी वाटली की तो चारचौघांत उसासा टाकून तसं बोलून दाखवी. मग त्या माणसाचं काहीतरी वाईट होई. कुणी कड्यावरून घसरे, कुणाचं घर जळे. राजा त्याच्या दारी अनवाणी जाई आणि रडे. लोक म्हणत, बघा, महाराजांना आधीच कळलं होतं. माणसं एकदा कौतुक करायला बसली की त्यांना दुसरं काही सुचत नाही, त्यातलाच हा प्रकार.

त्याच मुलखात एक बाहुलीवाला होता. आई, धाकटा भाऊ आणि बाहुल्यांची पेटी एवढाच त्याचा संसार. जत्रेत तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करी आणि तोही एकच, बापाकडून शिकलेला. त्या खेळातला राजा सेनापतीच्या मित्राला जवळ बसवून म्हणतो, "मला त्याची काळजी वाटते. तो कुठे आहे, ते मी विचारणार नाही. तो सुखरूप असला म्हणजे झालं." मित्राला गहिवरून येतं. तो सेनापतीचा ठावठिकाणा सांगतो. पुढच्या प्रवेशात सेनापती दरीत मरून पडलेला असतो आणि राजा मान खाली घालून रडतो. इथे बायका डोळ्यांना पदर लावत. बाकीच्या बाहुल्यांना हातापायांच्या दोऱ्या होत्या. राजाच्या बाहुलीला मात्र एकच, मान झुकवण्यापुरती.

एका वर्षी दुष्काळ पडला. राजाचं कोठार बंद होतं आणि लोक झाडाचा पाला उकडून खात होते. बाहुलीवाल्याचा धाकटा भाऊ हमाली करायचा. तो विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "कोठारात धान्य आहे. मी माझ्या पाठीवरून पोती वाहिली आहेत. मग दार का उघडत नाहीत?"

हा प्रश्न घरोघर गेला. चार दिवसांनी राजाचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची चाकरी करणारे दणकट गडी, काठ्या घेऊन गल्लीतून हिंडू लागले. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. भाऊ टेकडीपलीकडच्या पडक्या चुन्याच्या भट्टीत लपला. तो तिथे आहे, हे फक्त बाहुलीवाल्याला ठाऊक होतं. तो आईलाही सांगत नसे. ती रोज भाकरी बांधून देई आणि तो ती पोचवून येई.

मग एके दुपारी राजाने बाहुलीवाल्याला भेटायला बोलावलं. आपल्या शेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने ताक ओतून दिलं. बाहुलीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढा मोठा माणूस आपल्याला ताक देतोय, यातच तो निम्मा विरघळला.

"तुझा भाऊ गुणी पोरगा आहे," राजा म्हणाला. "खरं बोलला तो. पण लोक फार चिडलेत रे. मला त्याची काळजी वाटते."

"महाराज, तुम्हीच त्याला वाचवा."

"तो कुठे आहे, ते मी विचारणार नाही. तुझा तो सख्खा भाऊ. तो सुखरूप असला म्हणजे झालं." राजाने उसासा टाकला आणि मान खाली घातली.

बाहुलीवाल्याला ते शब्द फार ओळखीचे वाटले. देवळातली आरती वाटावी तसे. आपलं माणूस बोलतंय असं वाटून त्याचा ऊर भरून आला. तो म्हणाला, "टेकडीपलीकडच्या भट्टीत आहे, महाराज. बिचारा थंडीने कुडकुडतो."

राजाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीचं छत कोसळलं. दगडांखालून भावाला बाहेर काढलं, तेव्हा डोक्याला जी जखम होती ती दगडाची नव्हती. पण ब्र काढायची कुणाची छाती झाली नाही. राजा अनवाणी आला, तिरडीला खांदा दिला, ढसाढसा रडला. बाहुलीवाल्याला त्याने शाल पांघरली. आईने ती शाल पाहिली. भट्टीचा पत्ता एकाच माणसाला ठाऊक होता, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून ती मुलाशी बोलेनाशी झाली.

जत्रा आली. राजा म्हणाला, "तुझ्या भावाच्या आठवणीसाठी आपला तो जुना खेळ झाला तर बरं वाटेल." उकडायला पालाही न उरलेली माणसं खेळाला जमली, कारण जमायची रीत होती. पुढे पोरं, मध्ये राजा, कडेला आई.

बाहुलीवाला काळ्या पडद्यामागे उभा राहून बोलू लागला. "मला त्याची काळजी वाटते. तो कुठे आहे, ते मी विचारणार नाही…"

आणि तो तिथेच अडला. हे शब्द त्याने आपल्या तोंडाने किती वेळा म्हटले होते. पुढच्या प्रवेशात काय होतं, ते त्याला लहानपणापासून पाठ होतं.

"बोला की पुढं," पोरं ओरडली.

त्याने काळा पडदा ओढून काढला. लोकांना पहिल्यांदाच बाहुल्यांमागचा माणूस दिसला. त्याच्या बोटात राजाची एकुलती एक दोरी होती.

"या राजाचे हात कधी हलत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून आपण त्याच्यासाठी रडतो. महाराज माझ्याशी हेच बोलले. शब्दन् शब्द हाच. आणि मी माझ्या भावाचा पत्ता दिला. मी दिला."

राजाने उसासा टाकला. "बिचारा. दुःखाने याचं डोकं ठिकाणावर नाही. मला याची काळजी वाटते."

कडेचे दोन मोतद्दार काठ्या घेऊन उठले.

त्यांच्याबरोबर आईही उठली. "महाराज, माझा एक गेला," ती म्हणाली. "या दुसऱ्याचं काय करायचं, ते आज तुमच्या तोंडानं सांगा."

"बाई, मी कधी कुणाला आज्ञा करत नाही."

"मग हे दोघं कुणाच्या सांगण्यावरून उठले?"

"ते त्यांचं त्यांना ठाऊक."

"ठीक आहे. मग त्यांना खाली बसायला सांगा."

राजाने तोंड उघडलं आणि मिटलं. बसा म्हटलं तर ती माणसं त्याची ठरत होती, मारा म्हटलं तर मारणारा तो ठरत होता. सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता. मोतद्दारही बघत होते. थोड्या वेळाने एक जण काठी ठेवून खाली बसला. मग दुसराही बसला.

कुणीतरी उठून कोठाराकडे चालू लागलं. मागोमाग सगळी जत्रा निघाली. कुलूप फोडलं, धान्य वाटलं. पहारेकरी बाजूला उभे राहिले. कोठार उघडू नका, अशी आज्ञा त्यांना तरी कुणी दिली होती?

त्या रात्री घरोघर चुली पेटल्या. आईने भाकरी थापली आणि दोन ताटं वाढली. तिसऱ्या पाटाकडे कुणी बघितलं नाही. बाहुलीवाला हुंदके देत म्हणाला, "आई, मला कळलंच नाही गं."

किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. "तुला खेळ पाठ होता," एवढंच म्हणाली आणि चूल विझवायला उठली.

तात्पर्य एवढंच: जो मोठा माणूस काहीच मागत नाही आणि तरी आपल्याकडून सगळं घेऊन जातो, त्याला 'तुम्हाला नेमकं काय हवं आहे' असं चारचौघांत विचारावं, आणि तेही आपण त्याला काही सांगून बसण्याआधी विचारावं.