मुका शॉट

“…मग सही का करत नाही तुम्ही?”

केळुसकर मॅडम चष्मा पुसत होत्या. हातातलं काम त्यांनी सावकाश पुरं केलं.

“ऋजुता, बस जरा.”

“बसायला नाही आले मी, मॅडम.”

आणि ऋजुता वाघमोडे खरंच बसली नाही. का बसावं? तीन आठवडे तिचा शोधनिबंध मॅडमच्या टेबलावर लोळत पडला होता. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय कागद संस्थेबाहेर जात नाही, हा इथला नियम. नियम करणाऱ्यांचं काय जातं? तळघरात पाच वर्षं हिने काढली होती.

“हे बघ, त्या निबंधाबद्दल मला तुला…”

“कोरियातला गट हेच काम करतोय. पुढच्या महिन्यात त्यांचं छापून येईल. मग मला कुत्रं तरी विचारेल का? आणि सप्टेंबरात माझी फेलोशिप संपते, हे तरी ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“ठाऊक आहे.”

“निबंध वाचलात तरी का?”

“नाही.”

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही? वीस पानं, तीन आठवडे, आणि ‘नाही’? वर चेहऱ्यावर लाज म्हणून नाही.

काम काही ऐरंगैरं नव्हतं. तळघरात एक लेसर आहे. सेकंदाचे कोटी गुणिले कोटी तुकडे करा आणि त्यातले तीन उचला, तेवढीच त्याच्या झोताची हयात. पण तेवढ्यात तो समोरच्या धातूची वाफही राहू देत नाही, अणूंची सालं सोलून काढतो. त्यातून क्ष-किरण उसळतात. ऋजुताने तांब्याच्या पत्र्यावर केसाहून कितीतरी बारीक सुया वाढवल्या होत्या, दाट, उभ्या, गवताच्या पात्यांसारख्या. साध्या पत्र्यापेक्षा तिच्या सुयांमधून दसपट क्ष-किरण निघाले. का? तर झोत सुयांच्या गर्दीत शिरतो आणि अडकून पडतो. असं तिचं म्हणणं, आणि तोच निबंध.

“निबंध नाही वाचला,” मॅडम म्हणाल्या. “वही वाचली.”

त्यांनी शॉटची, म्हणजे लेसरच्या प्रत्येक माऱ्याची, नोंदवही उघडून पुढे सरकवली. पहिला रकाना मार्चपासून कोरा होता.

ऋजुता हसली. चांगली कुत्सित हसली.

“मुका शॉट? त्याच्यासाठी अडवलंत मला?”

मुका शॉट ही या प्रयोगशाळेची जुनी रीत. लेसरच्या मुळाशी एक नाजूक झोत जन्मतो आणि पुढे यंत्रांच्या रांगेतून जाताना लाखो पटींनी मोठा होतो. रोज सकाळी पहिल्या शॉटला त्या जन्मत्या झोतासमोर जाड कागद उभा करायचा. म्हणजे खरा झोत येतच नाही. यंत्रांतून आधीच काही चोरटा उजेड निसटत असेल, तर तेवढाच निशाण्यावर, म्हणजे समोरच्या पत्र्यावर, पोचतो. मग निशाणा बाहेर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. काही झालेलं नसेल, तर दिवसाचं काम सुरू. पोरं ह्याला ‘मॅडमची काकडआरती’ म्हणायची.

“जानेवारी-फेब्रुवारीत चाळीस दिवस घेतला मी,” ऋजुता म्हणाली. “चाळीसही दिवस एक सुई हलली नाही. रोज दोन तास वाया. पोथीत लिहिलंय म्हणून घंटा बडवत बसायची का?”

“बरं. आज घेऊ.”

“आज कशाला?”

“घेऊ या तर.”

तळघराच्या दाराशी मॅडमनी बांगड्या आणि घड्याळ काढून वाडग्यात ठेवलं. चकचकीत वस्तूवरून झोत उलटला तर डोळा जातो, म्हणून इथे सगळेच ठेवतात. ऋजुताने आपलं घड्याळ ठेवलं नाही, आपटलं.

दोघींनी काळे चष्मे चढवले. सुयांचा पत्रा चेंबरच्या हवाबंद पेटीत गेला, शेजारी साधा पत्राही. पंपाने चेंबरमधली हवा ओढून घेतली. मॅडमनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा जन्मत्या झोतासमोर उभा केला.

“मार.”

“काय मारू? आत काही नाहीच आहे.”

“काही नाही ना? मग मार की.”

ऋजुताने बटण दाबलं. सुयांवर तीन जागी तीनदा, साध्या पत्र्यावर तीनदा. एरवी खऱ्या शॉटला टिच् असा आवाज येतो, निळसर ठिणगी दिसते. आता काहीच नाही.

“झालं समाधान?”

चेंबरमध्ये पुन्हा हवा भरायला वीस मिनिटं लागतात. मॅडम स्टुलावर बसून राहिल्या.

ऋजुता येरझारा घालत राहिली. मनात एकेक आठवत होतं. माळशिरसहून भाऊ घ्यायला आला होता, मामेबहिणीचं लग्न होतं, ही गेली नाही. का, तर पंप बिघडला होता. दिवाळीत सगळी संस्था रिकामी, ही एकटी सुया वाढवत बसलेली. आणि आज तिच्या आयुष्याचा निकाल एका लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर लागणार. म्हातारीला ऋजुताचं नाव स्वतःच्या नावाहून मोठं व्हायला नको असेल, दुसरं काय? हे मनात आलं तेव्हा तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

“ऋजुता, मी काय म्हणते…”

“आता नको, मॅडम. आधी डोळ्यांनी पाहा. मग काय ते म्हणा.”

“…बरं.”

चेंबर उघडलं. पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली गेले. आधी ऋजुतानेच डोळा लावला, दुसऱ्या कुणी आधी पाहिलेलं तिला खपलं नसतं.

साधा पत्रा जसाच्या तसा होता.

मग तिने सुया पाहिल्या.



तीन जागी तीन गोल टकलं पडली होती. सुया वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या, तव्यावर लोणी बसावं तशा. एकही उभी नव्हती.

“हे बरोबर नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “कागदाने झोत अडवला की यंत्रांची शक्ती त्याच्यात खर्च होत नाही, चोरटा उजेड थोडा वाढतो. खऱ्या शॉटमध्ये एवढा नसतो.”

“मग खऱ्या शॉटमध्ये दाखव मला. झोत आला तेव्हा सुया उभ्या होत्या, एवढंच दाखव.”

“ते नाही दाखवता येत.”

“का गं?”

“खरा झोत सगळंच उडवतो. नुसता खड्डा उरतो. तो यायच्या आधी काय झालं हे पाहायचं, तर…”

“तर?”

“तर तो येताच कामा नये.”

“हं.”

पंप घरघरत होता. कुणीतरी तो बंद करायला हवा होता, पण दोघीही उठल्या नाहीत.

“जानेवारीत कागद हाच होता?” मॅडमनी विचारलं.

“…हो.”

“म्हणजे तेव्हाही उजेड वाढतच असणार.”

ऋजुताने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“मधे काय बदललं?”

“मार्चमध्ये ॲम्प्लिफायरचा स्विच जळला. नवा बसवला. मीच बसवला.”

“आणि क्ष-किरण दसपट कधी झाले?”

उत्तर ऋजुताला पाठ होतं. निबंधाच्या सातव्या पानावर तिनेच तारखेसकट लिहिलं होतं.

“त्याच आठवड्यात,” ती म्हणाली.

झोत मोठा करणाऱ्या यंत्रातला तो नवा स्विच चोरटा उजेड नीट अडवत नव्हता. तो उजेड खऱ्या झोताच्या जेमतेम काही अब्जांश सेकंद आधी निघायचा, पण त्या झोताच्या हिशेबाने ती युगंच. तेवढ्यात सुया वितळून त्यांचा ढग व्हायचा. खरा झोत येऊन आदळायचा तो त्या ढगावर. क्ष-किरण ढगाचे होते. सुयांच्या गर्दीत शिरलेला प्रकाश म्हणून तिने वीस पानं लिहिली, आणि ती गर्दी प्रकाशाने कधी पाहिलीच नव्हती.



“निबंध परत द्या मला,” ती म्हणाली. “नाही पाठवत.”

मॅडमनी मान हलवली.

खरं तर इथे संपायला हवं होतं. पण ऋजुताचा संताप संपला नव्हता. उलट आता कुठे त्याला खरी जागा सापडली.

“मॅडम, वही तुम्ही कधी वाचलीत?”

“तू निबंध दिलास, त्याच दिवशी.”

“म्हणजे तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं.”

“संशय होता. पक्का.”

“आणि मला बोलला नाहीत?” तिचा आवाज फाटला. “एक शब्द नाही? मी कोरियावाल्यांना तोऱ्यात मेल केली. घरी आईला सांगून बसले, आता छापून येणार म्हणून. सगळ्या संस्थेसमोर मी तोंडघशी पडत होते आणि तुम्ही बघत बसलात. असं वागतात का हो आपल्या विद्यार्थ्याशी? चुकले तर कान धरायचा होता माझा. सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”

डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं. तेही रागानेच.

मॅडम स्टुलावरून उठल्या. चेंबरचं झाकण त्यांनी लावलं, पंप बंद केला. तळघर एकदम शांत झालं.

“आले होते गं तुझ्या टेबलाशी. तीनदा आले… दर वेळी माझ्या शब्दाआधी तुझा पोचलेला असायचा. मग माझा पडणार कशावर?”