विरजणाची वाटी

एका शिष्याला एकदा हाकेचा मत्सर वाटला. धनाचा, रूपाचा, मानाचा मत्सर आपल्या परिचयाचा असतो. याला वाटला तो एका साध्या हाकेचा.

हा शिष्य एका वयोवृद्ध समाजसेवकापाशी राहून सेवाकार्य शिकत होता. गावाबाहेर दगडखाणीची वस्ती होती आणि तिथे गुरुजींचे छोटेसे केंद्र चाले. शिष्य त्या वस्तीत सात वर्षे राबला होता. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा दाखला, कुणाच्या मुलीची शाळा. सोनाक्का नावाच्या विधवेला योजनेतली म्हैस मिळावी म्हणून तर त्याने तालुक्याच्या कचेरीत नऊ खेपा घातल्या, आणि म्हैस मिळवूनच तो थांबला. तो दारात आला की सोनाक्का पदराने खुर्ची पुसून पुढे करी आणि म्हणे, "बसा सायेब."

गेल्या दिवाळीनंतर केंद्रात कुंदा नावाची मुलगी रुजू झाली. तिने भरलेला अर्ज हमखास परत येई. पण ती वस्तीच्या तोंडाशी पोचली की दारादारांतून हाका सुरू होत. "कुंदे, इकडं ये की गं." सोनाक्काच्या पायरीवर ती पाय पसरून बसे आणि सोनाक्का मागे बसून तिची वेणी घालून देई. शिष्य समोरून फायली घेऊन जाई, आणि त्याच्या पोटात दुखू लागे. म्हैस आणली कुणी आणि वेणी कुणाची घातली जाते? आता त्याला काही वेणी घालून घ्यायची नव्हती. पण त्या पायरीवरून आपल्याला कुणी 'ये की रे' म्हणावे, एवढ्यासाठी तो मनातून जळत होता. हे त्याने स्वतःशीही कबूल केले नव्हते, आणि म्हणून त्याला नियम आठवला.

केंद्राचा नियम असा होता की कार्यकर्त्याने लाभार्थ्याच्या घरून काहीही घेऊ नये. शिष्याने सात वर्षांत वस्तीत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कुंदा मात्र कुठे भाकरी खाई, कुठे ताक पिई, सोनाक्काकडून तर विरजणसुद्धा नेई. एका दुपारी शिष्याने सुवाच्य अक्षरात कागद लिहिला, 'कुंदा लाभार्थ्यांच्या घरून वस्तू घेते, सबब तिला कामावरून कमी करावे.' तो कागद त्याने गुरुजींपुढे ठेवला. कागद विश्वस्तांकडे गेला की कुंदाचे काम जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

गुरुजींनी कागद वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि आतून एक रिकामी वाटी आणली.

"आपल्याकडचं विरजण संपलंय," ते म्हणाले. "सोनाक्काकडून मागून आण. माझं नाव सांगू नकोस. स्वतःसाठी माग."

शिष्य चकित झाला. "गुरुजी, मी कशाची तक्रार केली ते आपण वाचलंत ना?"

"वाचलं. म्हणूनच तुला पाठवतोय."

शिष्याने वाटी पिशवीत घातली. अर्ज भरताना कचेरीतल्या साहेबांशी हुज्जत घालणारा हा माणूस त्या दुपारी सोनाक्काच्या दारावरून दोनदा गेला आणि दोनदा पुढे निघून गेला. चिमूटभर दही मागायला त्याची जीभ उचलेना. अखेर दिवेलागण झाली, तेव्हा तो दारात उभा राहिला. सोनाक्काने सवयीने खुर्चीला हात घातला.

"खुर्ची नको," तो पुटपुटला. "थोडं विरजण हवं होतं."

सोनाक्काचा हात खुर्चीवरच राहिला. तिने एकदा वाटीकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, आणि ती हसू लागली.

"आत्ता न्हाई मिळायचं. तिन्हीसांजंला विरजण देत्यात व्हय रं कुणी? घरातली लक्ष्मी जाती. येवढा शिकलास आन् येवढं ठावं न्हाई?"

नकार ऐकून शिष्याचा चेहरा उतरला. कुंदाला मिळते, मला नाही, हा विचार सवयीने वर आला. पण त्याचबरोबर त्याला दुसरेही काही ऐकू आले होते. सोनाक्का त्याला 'रं' म्हणाली होती.

"सकाळी ये," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "पानी पितोस का?"

"दे," तो म्हणाला.

तिने तांब्या घासून, भरून आणला. त्याने तो उभ्यानेच रिकामा केला. सोनाक्का त्याच्याकडे बघतच राहिली.

"सात वरसं झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "पयल्यांदा आलास तवा मी पानी दिलं हुतं. तू हात आखडलास. दुसऱ्यांदाबी तसंच. मग आमी समजून घेतलं, ह्यास्नी आमच्यातलं चालत न्हाई. मानूस चांगला हाय, कामं करतो, पर आमच्यातलं चालत न्हाई. मग पानी इचारायचंच सोडलं."

शिष्याने रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. सोनाक्काने विचारले, "तुझं नाव काय रं?"

या कथेत मीही आतापर्यंत त्याचे नाव सांगितले नाही, कारण वस्तीत ते कुणाला माहीतच नव्हते.

"श्रीरंग."

"सिरंगा," तिने म्हणून पाहिले. "सकाळी ये, सिरंगा."

तो रिकामी वाटी घेऊन परतला आणि घडले ते सगळे त्याने गुरुजींना सांगितले. शेवटी म्हणाला, "मी तर नियम पाळत होतो, गुरुजी."

"पाणी नाकारताना नियम आहे असं त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग त्यांना नियम कुठून माहीत असणार? आपल्या घरचं पाणी न पिणारी माणसं मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. त्यांनी तुला त्या माणसांत बसवलं."

श्रीरंगाने मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "यात माझाही दोष आहे. एका कार्यकर्त्याने कोंबडी घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकवला नाही, तेव्हा मी तो नियम केला. नियम करताना मी घेणाऱ्या हाताचा विचार केला, तांब्या पुढे करणाऱ्या हाताचा केलाच नाही. कोंबडी अडवून घेतली होती. विरजण मागून घेतात, जसं शेजारणीकडे मागतात तसं. ज्याच्याकडून आपण कधीच काही मागत नाही, त्याला आपण काही देण्याजोगा माणूस समजत नाही, असंच त्याला वाटतं. मग तो खुर्ची पुसतो आणि साहेब म्हणतो. कुंदाचा तुला मत्सर वाटला, त्याची लाज बाळगू नकोस. तुला हवं होतं ते हवंसं वाटावं असंच होतं. फक्त ते म्हैस आणून मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच श्रीरंग विरजण घेऊन आला. सोनाक्काने वाटी काठोकाठ भरली होती, आणि म्हैस त्यानेच आणलेली असली तरी तिच्या दुधाचे दही तो प्रथमच पाहत होता. येताना कुंदा वाटेत भेटली. वाटीकडे बघून म्हणाली, "मला तर ती बोटभरच देते." तिच्या स्वरात किंचित जळफळाट होता, आणि श्रीरंगाला तो ऐकून फार बरे वाटले, हेही सांगितले पाहिजे.

गुरुजींनी कोमट दुधात विरजण लावले, भांड्यावर झाकण ठेवले आणि उशीखालचा कागद काढला.

"आता याचं काय करायचं? विश्वस्तांकडे पाठवू?"

श्रीरंगाने कागद उलगडून आपलेच सुवाच्य अक्षर पुन्हा वाचले.

"मजकूर खरा आहे, गुरुजी," तो म्हणाला. "फक्त कुंदाच्या पुढे माझंही नाव घालावं लागेल."

गुरुजींनी कागद त्याच्याच हातात राहू दिला.

ज्यांच्यासाठी आपण इतके करतो, त्यांच्या दारात आज रिकामी वाटी घेऊन उभे राहता येईल का, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. जायचे मात्र दिवे लागायच्या आत.