रंध्याच्या मुठींची वाटणी

एका गावात दोन सुतार भाऊ राहत होते. दोघांनाही अक्कल होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकताना तसे वाटणार नाही.

वडील वारल्यावर भावांनी त्यांची हत्यारे वाटून घेतली. करवती दोन होत्या, पटाश्या चार होत्या, त्यांची वाटणी चटकन झाली. रंधा मात्र एकच होता. लाकूड तासून गुळगुळीत करायचा जुना लोखंडी रंधा, वडिलांनी जन्मभर वापरलेला. थोरला म्हणाला, “मी मोठा, म्हणून रंधा माझा.” धाकटा म्हणाला, “शेवटपर्यंत बाबांबरोबर मी राबलो, म्हणून रंधा माझा.”

तीन दिवस वाद घालून त्यांनी काय ठरवावे? रंध्याला लाकडाच्या दोन मुठी असतात. पुढची, दाबून धरायची मूठ थोरल्याची. मागची, ढकलायची मूठ धाकट्याची. मधले लोखंड आणि पाते सामाईक. रंधा चालवायला एकाच माणसाचे दोन्ही हात लागतात, हे त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांनाही ठाऊक असेल. पण वाटणी समसमान झाली म्हणून दोघे खूश होते.

त्याच सुमारास त्यांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या बाळाच्या पाळण्यासाठी वडिलांनी सागाच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या. त्यांच्या हातून तेवढेच झाले. आता फळ्यांवर रंधा मारायचा, त्या जोडायच्या आणि बारशाला बाळ पाळण्यात घालायचे, एवढेच काम उरले होते.

आई मुलांना म्हणाली, “रंध्याच्या मुठी तडकल्यात, हलतायत. त्या नीट करून बसवा आणि पाळणा करायला घ्या. दोन महिने आहेत हातात.”

मुठी नीट करणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. थोरल्याने ते केलेही. मुठीवरचा काळा मळ खरवडला, चिरेत सरस आणि भुसा भरला, घासूनपुसून जवसाचे तेल चोळले. झकास झाली मूठ. इथेच गोष्ट संपायला हवी होती.

पण धाकट्याने आपली तडकलेली मूठ फेकून शिसवाची नवी केली, आणि ते थोरल्याने पाहिले. झाले. त्याने चांगली दुरुस्त केलेली मूठ अडगळीत टाकली आणि शिसवाचीच दुसरी घेऊन तिच्यावर पोपट कोरायला बसला. मग धाकट्याने आपल्या मुठीवर पितळी खिळ्यांची फुले ठोकली. मग थोरल्याच्या पोपटाला शेपूट आले.

आई विचारायची, “अरे, मुठीला पोपट कशाला?”

“बाबांच्या रंध्याचा मान नको का राहायला?”

“मान राहू दे. फळ्या कधी तासणार?”

“त्याची मूठ होऊ दे आधी,” थोरला म्हणायचा. धाकट्याला विचारावे, तर तो म्हणायचा, “दादाची होऊ दे आधी.”

आईने कपाळाला हात लावला. रोजच लावायची.

इकडे सामाईक पाते ओसरीवर दमट हवेत पडून होते. थोरला जाता-येता बघायचा. धाकटाही बघायचा. पण दोघांचे पाते एकट्याने का पुसायचे?

बहिणीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळी भावांनी एकदाच्या मुठी रंध्याला बसवल्या. थोरल्याने रंधा फळीवर दाबला, तर पोपटाची चोच तळहातात घुसली. धाकट्याने धरला, तर पितळी फुलांनी त्याचा हात सोलवटला. मग कुठे त्यांनी रंधा उलटा करून पाहिला. पात्याची धार गंजाने खाल्ली होती.

“पाते तू बघायला हवे होतेस.”

“सामाईक होते. मी एकट्याने का?”

दुपारी बायका कुंची, झबली घेऊन आल्या. सुताराच्या घरात, आजीच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत मुलीचे नाव ठेवले गेले. एक शेजारीण म्हणाली, “पाळणा नाही केला?”

“पाळणा नाही, पण रंधा बघा कसा नटलाय,” असे म्हणून आईने रंधा सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवला. भाऊ मान खाली घालून उभे राहिले.

बहीण भिंतीला टेकवलेल्या फळ्यांकडे बघत होती. त्यांवर वडिलांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघा अजून दिसत होत्या. ती म्हणाली, “दादा, अण्णा, मुठी सुरेख झाल्यात. पण बाबांना माझ्या बाळासाठी पाळणा करायचा होता.” तिचे डोळे भरून आले होते.

इतके ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी दोघे कामाला लागले असतील. कसले! गंज आधी कोणी काढायचा यात एक महिना गेला. आपली नक्षीची मूठ आधी कोणी उतरवायची यात आणखी आठ. बहीण बाळाला घेऊन सासरी निघून गेली. अखेर आईनेच दगडावर पाते घासून धार लावली, अडगळीतून थोरल्याची पहिली साधी मूठ शोधून आणली, मागेही तशीच साधी मूठ बसवायला लावली. रंधा तिने थोरल्याच्या हातात दिला आणि फळी धरायला धाकट्याला बसवले. दोन दिवसांत पाळणा झाला. इतका गुळगुळीत, की कुठे एक कुसळ सापडू नये.

बैलगाडीत घालून पाळणा बहिणीच्या घरी पाठवला. पण मुलगी एव्हाना घरभर रांगत होती. तिला पाळण्यात ठेवले की ती कडेला धरून उभी राहायची आणि खाली झेप घ्यायला बघायची.

गाडीवान परत आला. दोघे भाऊ वाटच बघत होते. “काय म्हणाली आमची बहीण?”

गाडीवान म्हणाला, “पाळणा फार छान झालाय म्हणाल्या. त्यात कांदे हवेशीर राहतात.”

तात्पर्य: हत्यारात आपला वाटा किती, हे विचारण्याआधी त्या हत्यारावाचून कोणाचे काम अडले आहे, ते विचारावे.