फुलवंता आणि शेपूट नाचवणारा तुतवार

डोंगरांच्या कुशीत एक निळंशार तळं होतं आणि तळ्याकाठी फुलवंताची इवलीशी झोपडी. आई देवाघरी गेलेली. मावशी पहाटेच लाकडं आणायला रानात जायची, ती दिवस मावळताना परतायची. दिवसभर फुलवंता एकटी. शिळी भाकर खायची, तिचा चुरा मुंग्यांना घालायची आणि पाण्याकाठी गप्प बसून राहायची.

थंडीत तिथं एक चिमुकला पाहुणा यायचा, पाणथळीतलं एक पाखरू. पाठ मातकट, पोट पांढरंशुभ्र. तोही एकटाच. फुलवंता जराही हलायची नाही, म्हणून तो अगदी जवळ यायचा.

एका सोनेरी सकाळी कमळाच्या पानावरचा दवाचा थेंब मोठा मोठा होत गेला आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. पंख मोरपिशी, पावलं रुपेरी.

"बाळ, काहीतरी माग," परी म्हणाली. "पण माझे नियम आहेत. इच्छा एकच. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला तू नीट ओळखायला हवंस."

फुलवंताने पाखराकडे बोट केलं. "हा कायम इथंच राहू दे."

"कोण आहे हा? तिकडे चिखलात असे कितीतरी आहेत."

"ते ठिपक्यांचे. ते थव्यानं राहतात. हा तुतवार. याच्या पोटाचा पांढरा रंग खांद्यापाशी वर चढलाय, बघ. नुसता उभा असला तरी शेपूट खालीवर नाचवतो. उडाला की पाण्याला चिकटून उडतो, टी-टी-टी करत. आणि ऊन तापायला लागलं की..."



"की?"

"जातो. मागच्या वर्षीही गेला होता. कुठं जातो गं तो?"

"दूर उत्तरेला. तिथल्या थंडगार ओढ्याकाठी घरटं करतो. त्याची पिल्लं तिथंच होतात, इथं नाही."

फुलवंताने पाखराकडे पाहिलं. डोळे भरून आले.

"मग त्याला जाऊ दे," ती म्हणाली. "वाटेत वारा त्याच्या पाठीमागून वाहू दे. एवढंच."

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी हळूच म्हणाली आणि उजळू लागली. केशरी, गुलाबी, मग पांढरी लख्ख. सगळं तळं झगमगलं आणि पान रिकामं झालं. तुतवार भुर्रकन उडून गेला.

तो उजेड बघून पलीकडच्या काठावर शेळ्या चारणारी एक मुलगी धावत आली.

"मी सगुणा," ती धापा टाकत म्हणाली. "आत्ता पाण्यावरून गेलं, ते कोणतं पाखरू गं?"

कितीतरी दिवसांनी फुलवंताला कुणी काही विचारत होतं. तिने शेजारचा दगड हाताने पुसला.

"बस," ती म्हणाली. "सांगते."